अडीच लाखांचा कॅमेरा सात वर्षांनी कितीचा? जुन्या व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यांच्या किमतीचं गणित

२००२ मध्ये कॅननने 'ईओएस १डीएस' हा कॅमेरा बाजारात आणला. ११ मेगापिक्सेल, फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर आणि किंमत आठ हजार डॉलरच्या आसपास. जाहिरात आणि फॅशनच्या कामासाठी फिल्म सोडावी की नाही, हा वाद ज्या कॅमेऱ्यांमुळे मिटायला लागला, त्यातला हा एक. आज तोच कॅमेरा चालू स्थितीत दोन-तीनशे डॉलरच्या घरात मिळतो. त्याच सुमारास कॅननचीच ७०-२०० एमएम एफ२.८ ही पांढरी टेलीफोटो लेन्स आली होती. नवी असताना ती या कॅमेऱ्याच्या साधारण पाव किमतीची होती. आज जुन्या बाजारात ती कॅमेऱ्यापेक्षा महाग आहे.

म्हणजे एकाच दुकानातून, एकाच बॅगेतून घरी आलेल्या दोन वस्तू. एकीची किंमत जेमतेम निम्म्या-पाव्यावर आली, दुसरीची जवळपास पुसलीच गेली. हे असं का होतं?

प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी लग्नकार्यांवर चालणारे फोटो स्टुडिओ आहेत आणि त्यातल्या अनेकांचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे कॅमेरा. २०१६ मध्ये 'कॅनन ५डी मार्क फोर' भारतात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत २ लाख ५४ हजार ९९५ रुपये होती. पुढच्या वर्षी आलेला 'निकॉन डी८५०' २ लाख ५४ हजार ९५० रुपयांना होता. या रकमेत गावाकडे चांगली सेकंडहँड चारचाकी येते. हप्त्यावर घेतलेला हा कॅमेरा आता विकायचा म्हटलं की दुकानदार जो आकडा सांगतो, तो ऐकून मालकाला आपण फसवले जातोय असंच वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. त्या आकड्यामागे कारणं असतात, आणि ती समजली तर कॅमेरा विकायचा की ठेवायचा हे ठरवणं सोपं जातं.

रोल कॅमेऱ्यातच अडकला

फिल्मच्या काळात कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी होती. लेन्समधून येणारा प्रकाश ठरावीक वेळ आत सोडायचा, एवढंच तिचं काम. फोटोचा दर्जा ठरायचा लेन्सवर आणि रोलवर. फिल्म बनवणाऱ्या कंपनीने जास्त चांगला रोल काढला की दहा वर्षं जुना कॅमेराही त्या दिवसापासून जास्त चांगले फोटो काढायला लागायचा. त्यामुळे निकॉनचा 'एफ३' हा कॅमेरा १९८० मध्ये आला आणि २००१ पर्यंत, म्हणजे तब्बल दोन दशकं, विकला जात राहिला. आजही फिल्म वापरणारे लोक तो पैसे मोजून घेतात.

डिजिटल कॅमेऱ्यात हा रोल, म्हणजे सेन्सर, बॉडीमध्ये कायमचा बसवला गेला. त्याच्या मागे प्रोसेसर आला, मेमरी आली, सॉफ्टवेअर आलं. कॅमेरा आता पेटी राहिला नाही, संगणक झाला. आणि संगणकाचं जे होतं तेच त्याचं व्हायला लागलं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण त्याच 'एफ३'च्या शरीरावर घडलं. कोडॅकने १९९१ मध्ये व्यावसायिकांसाठी पहिला डिजिटल एसएलआर विकायला काढला. त्याचं नाव 'डीसीएस'. बॉडी होती निकॉन एफ३ची, आत सेन्सर होता १.३ मेगापिक्सेलचा, आणि फोटो साठवायला हार्डडिस्कचा वेगळा डबा खांद्याला अडकवून फिरावं लागायचं. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. डिजिटल भाग काढून टाकलेला साधा 'एफ३' आजही रोज वापरता येतो. वीस हजारांचा 'डीसीएस' मात्र संग्रहालयात किंवा संग्राहकांच्या कपाटात दिसतो, कामावर नाही.

लेन्सचं तसं नाही. काचेला प्रोसेसर जुना झाल्याची फिकीर नसते. कॅननने १९८७ मध्ये 'ईएफ' माउंट आणला, निकॉनचा 'एफ' माउंट तर १९५९ पासूनचा. बॉडी बदलली तरी लेन्स तीच, हे इतकी वर्षं चाललं म्हणून लेन्सला भाव टिकला. जुने फोटोग्राफर नव्या मुलांना 'पैसे काचेत घाल' असं सांगतात, त्याचा उगम हाच.

तीन वेळा जमीन सरकली

जुन्या कॅमेऱ्यांची किंमत दरवर्षी सारख्या वेगाने उतरत नाही. ती काही वर्षं जेमतेम टिकते आणि मग एखाद्या नव्या तंत्रासरशी एकदम खाली येते. गेल्या पंचवीस वर्षांत असं ठळकपणे तीनदा घडलं.

पहिली घसरण मेगापिक्सेलची. १९९९ मध्ये आलेला 'निकॉन डी१' २.७ मेगापिक्सेलचा होता आणि साडेपाच हजार डॉलरच्या आसपास विकला जात होता. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो उचलून धरला, कारण फिल्म धुण्याचा वेळ वाचत होता. पण चारच वर्षांत, २००३ मध्ये, कॅननने 'ईओएस ३००डी' हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा हजार डॉलरच्या आत आणला. हौशी माणसाच्या हातात व्यावसायिकापेक्षा दुप्पट पिक्सेल आले. 'डी१'च्या किमतीचं काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

ही शर्यत २००८ च्या सुमारास मंदावली. आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे, जी विकणारे आणि घेणारे दोघंही विसरतात. त्या वर्षी आलेल्या 'निकॉन डी७००'चा फोटो ४२५६ बाय २८३२ पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा असतो. आपल्याकडे लग्नाचा करिझ्मा अल्बम साधारण १२ बाय ३६ इंचांचा. त्याच्या एका पानावर, म्हणजे १८ इंच रुंदीत, हा फोटो पसरला तर इंचाला २३६ पिक्सेल मिळतात. हातात धरून बघायच्या अल्बमला हे पुरेसं आहे. दोन्ही पानांवर मिळून एकच फोटो लावला तर हा आकडा ११८ वर येतो, तिथे जवळून पाहिल्यावर फरक जाणवू शकतो. थोडक्यात, अल्बमची गरज त्या काळच्या कॅमेऱ्यांनी बरीचशी भागवली होती. त्यानंतर किमती पडल्या त्या पिक्सेलमुळे नाहीत.

दुसरी घसरण व्हिडिओची. २००८ मध्येच 'निकॉन डी९०' आणि पाठोपाठ 'कॅनन ५डी मार्क टू' आले आणि फोटोच्या कॅमेऱ्यात चित्रीकरण शिरलं. '५डी मार्क टू'ची किंमत होती २,६९९ डॉलर. तेवढ्या पैशात सिनेमासारखी धूसर पार्श्वभूमी मिळते म्हटल्यावर चित्रपटवाल्यांनीही तो घेतला. २०१० मध्ये 'हाऊस' या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओची तऱ्हाच यानंतर बदलली. खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याची जागा हळूहळू डीएसएलआरने घेतली. ज्या कॅमेऱ्यात व्हिडिओ नाही, त्याचं अर्धं गिऱ्हाईक तिथेच संपलं. 'डी७००' फोटोसाठी उत्तम असूनही त्यात व्हिडिओ नाही, आणि त्याच्या किमतीला हा दगड कायमचा बांधला गेला.

तिसरी घसरण सध्याची, आरशाची.

आरसा गेला म्हणजे नेमकं काय झालं?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर वळवतो आणि आपल्याला खिडकीतून दृश्य दिसतं. फोकस ठरवणारा वेगळा सेन्सर आरशाच्या खाली असतो आणि त्याचे बिंदू चौकटीच्या मधल्या भागातच गर्दी करून असतात. मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश सरळ मुख्य सेन्सरवर पडतो आणि तोच फोकसही ठरवतो. त्यामुळे कॅमेऱ्याला चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत सगळं 'दिसत' असतं. चेहरा कुठे आहे, डोळा कुठे आहे हे तो सतत शोधत राहतो.

लग्नाच्या मांडवात याचा अर्थ काय होतो? अंतरपाट खाली येतो, दोघं एकमेकांना हार घालतात, वर अक्षता उडत असतात, मित्रमंडळी नवरदेवाला उचलून धरतात. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. डीएसएलआरवर यातले काही फोटो हमखास डोळ्याऐवजी फेट्यावर किंवा हारावर फोकस होतात. अनुभवी हात हे प्रमाण कमी करतो, शून्य करू शकत नाही. मिररलेसने ते इतकं कमी केलं की नवशिक्यालाही तो क्षण सापडायला लागला. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अनुभवाची काही किंमत कॅमेऱ्याने खाल्ली.

सोनीने 'ए७' हा फुल-फ्रेम मिररलेस २०१३ मध्येच आणला होता. बाजार खऱ्या अर्थाने फिरला तो २०१८ मध्ये. त्या वर्षी सोनीचा 'ए७ थ्री' आला आणि कॅनन व निकॉन या दोघांनीही आपापले फुल-फ्रेम मिररलेस काढले, तेही नव्या माउंटसह. २०२० मध्ये 'कॅनन १डीएक्स मार्क थ्री' आणि 'निकॉन डी६' हे सर्वोच्च श्रेणीतले डीएसएलआर आले. आपला हा शेवटचा ठरेल, असं कॅननचे प्रमुख फुजिओ मिताराई यांनी २०२१ च्या अखेरीस जपानच्या 'योमिउरी शिंबून' या दैनिकाला सांगून टाकलं.

वारस नसलेल्या यंत्राचा भाव पडतोच. कारण विकत घेणारा आजचा कॅमेरा बघत नाही, पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील का हेही बघतो. त्यातच एकाच वेळी हजारो व्यावसायिक मिररलेसकडे वळले आणि त्यांनी आपले डीएसएलआर एकदम बाजारात आणले. माल वाढला, गिऱ्हाईक घटलं.

गिऱ्हाईक घटायचं दुसरं कारण प्रत्येकाच्या खिशात आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत होता. मोबाइलने सगळ्यात आधी छोटे कॅमेरे संपवले हे खरं, पण जुना डीएसएलआर घेऊन फोटोग्राफी शिकणारा जो हौशी माणूस असायचा, तोही त्याच लाटेत गेला. व्यावसायिकाच्या उतरलेल्या कॅमेऱ्याचा पुढचा मालक बहुधा तोच असायचा.

शटर काउंट: आकडा खरा, अर्थ अर्धवट

एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे वेगवेगळ्या भावाला का जातात, याचं पहिलं उत्तर दुकानदार देतो ते 'शटर किती चाललंय' हे. शटर म्हणजे सेन्सरसमोरचा यांत्रिक पडदा. प्रत्येक फोटोला तो उघडतो, मिटतो आणि झिजतो. कंपन्या त्याची चाचणी करून आकडा सांगतात. जुन्या '५डी'ला एक लाख, 'डी७००' आणि '५डी मार्क फोर'ला दीड लाख, 'डी८५०'ला दोन लाख, 'कॅनन १डीएक्स'ला चार लाख.

आता हिशेब करून पाहू. हळद, साखरपुडा, लग्न आणि स्वागत समारंभ मिळून एका लग्नात तीन हजार फोटो निघाले आणि वर्षात अशी ४० लग्नं झाली, तर वर्षाला १ लाख २० हजार फोटो होतात. म्हणजे दीड लाखाची मर्यादा सव्वा वर्षात ओलांडली. याउलट, सहलीला वर्षातून दोनदा कॅमेरा काढणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्या दहा वर्षं जुन्या कॅमेऱ्याचा काउंट पंधरा हजारही नसतो. त्यामुळे सेकंडहँड घेताना वर्षांपेक्षा वापर बघावा, हे बरोबर आहे.

पण हा आकडा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत नाही. काही शटर मर्यादेच्या दुप्पट चालतात, काही निम्म्यातच जातात. शटर बदलूनही मिळतं. प्रश्न एवढाच असतो की बदलण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या उरलेल्या किमतीला परवडतो का. चाळीस हजारांच्या कॅमेऱ्याला तो परवडेल, बारा हजारांच्या कॅमेऱ्याला नाही. म्हणून एका पातळीच्या खाली गेलेले कॅमेरे दुरुस्त होत नाहीत, भंगारात किंवा सुट्या भागांसाठी जातात.

आणखी एक मेख आहे. व्हिडिओ काढताना शटर एकदा उघडतं ते क्लिप संपेपर्यंत उघडंच राहतं. त्यामुळे दिवसभर चित्रीकरण करून तापलेल्या, घामाने भिजलेल्या कॅमेऱ्याचा काउंटही अगदी कमी दिसू शकतो. 'फक्त वीस हजार शटर' हे वाक्य ऐकून खूश होण्याआधी तो कॅमेरा कोणत्या कामाला होता हे विचारायला हवं. निकॉनच्या कॅमेऱ्यात शटरचा आकडा बहुधा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, एखादा ताजा फोटो मागून घेतला तरी तो वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असा थेट मिळत नाही, वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं.

शटरच्या मागे लपून राहणाऱ्या बाकीच्या गोष्टी जास्त साध्या असतात. बॅटरी आजही मिळते का? कॅननने 'एलपी-ई६' ही बॅटरी '५डी मार्क टू'सोबत आणली आणि त्याच घराण्यातली बॅटरी पुढे मिररलेस 'आर५'मध्येही वापरली. त्यामुळे २००८ चा तो कॅमेरा आजही सहज चालू ठेवता येतो. '१डीएस'ची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मात्र शोधावी लागते. मेमरी कार्डाचंही तेच. 'डी८५०'मध्ये एका खणात एक्सक्यूडी लागतं, ते महाग आहे. पण दुसऱ्या खणात साधं एसडी चालतं, म्हणून अडत नाही. रबराची पकड सैल झाली की भाव उतरतो. आणि कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या कॅमेऱ्याबरोबर लेन्स येत असेल तर ती उजेडासमोर धरून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे नाहीत ना, हे बघितल्याशिवाय घेऊ नये. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी डाग राहू शकतो.

कधी कधी एखाद्या मॉडेलला बदनामीच चिकटते. 'निकॉन डी६००' २०१२ मध्ये आला आणि त्याच्या सेन्सरवर डाग जमत असल्याच्या तक्रारी आल्या. निकॉनने वर्षभरातच 'डी६१०' काढला आणि २०१४ मध्ये जुन्या ग्राहकांना मोफत दुरुस्ती देऊ केली. ज्या कॅमेऱ्यांचं शटर बदलून मिळालं ते व्यवस्थित चालले. तरीही जुन्या बाजारात 'डी६००'चं नाव निघालं की आधी डागांचीच चौकशी होते.

लेन्स विकायची घाई करू नये, पण कोणती?

'पैसे काचेत घाल' हा सल्ला आता सरसकट लागू पडत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर पहिल्यापासून लेन्सच्याच आत आहे. त्यामुळे अॅडॉप्टर लावला की त्या नव्या मिररलेसवर ऑटोफोकससह नीट चालतात. निकॉनच्या जुन्या 'एएफ-डी' लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असायची. निकॉनचा 'एफटीझेड' अॅडॉप्टर या लेन्सना मोटर पुरवत नाही, मिररलेसवर त्या हाताने फोकस कराव्या लागतात. लग्नात हे शक्य नाही. म्हणून अशा लेन्सना गिऱ्हाईक मिळायचं ते डीएसएलआरवाल्यांतच, आणि ते कमी होत चाललेत. ज्यांच्याकडे 'एएफ-डी' लेन्स आहेत त्यांनी कॅमेरा आणि लेन्स एकत्रच विकलेल्या बऱ्या. ईएफवाल्यांना घाई नाही, फक्त नव्या लेन्समुळे त्यांचेही भाव पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

काही जुने कॅमेरे महाग कसे?

लाइकाचा 'एम९' २००९ चा. १८ मेगापिक्सेल, व्हिडिओ नाही, ऑटोफोकस नाही. शिवाय त्याच्या सेन्सरवरची काच गंजण्याचा दोष निघाला आणि कंपनीला सेन्सर बदलून द्यावे लागले. तरी तो त्याच काळातल्या कॅनन-निकॉनच्या कितीतरी पट भावाने विकला जातो. २००४ चा 'एप्सन आर-डी१' तर अवघा ६ मेगापिक्सेलचा, पण हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, त्यामुळे संग्राहक तो सोडत नाहीत. २०२० मध्ये १,३९९ डॉलरला आलेला 'फुजीफिल्म एक्स१००व्ही' टिकटॉकवर गाजला आणि मागणीएवढा माल नसल्याने वापरलेला कॅमेरा नव्यापेक्षा महाग, असा उलटा प्रकार काही काळ चालला.

यात एक चर्चा नेहमी असते. जुन्या कॅमेऱ्यांतल्या 'सीसीडी' सेन्सरचे रंग फिल्मसारखे असतात, अशी. हा दावा अर्ध्या मापानेच घ्यावा. रंग ठरतो तो सेन्सरवरच्या रंगीत गाळणीने आणि कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेने. सीसीडी की सीमॉस, याने तो एकट्याने ठरत नाही. पण बाजार भौतिकशास्त्रावर चालत नाही, लोकांना काय हवंहवंसं वाटतं त्यावर चालतो. गावच्या स्टुडिओतला दहा वर्षं राबलेला डीएसएलआर अशा यादीत कधी जाईल या आशेवर मात्र ठेवू नये. तो लाखोंच्या संख्येने बनला होता.

मग विकायचा की ठेवायचा?

इथे खरेदीची किंमत डोक्यातून काढून टाकावी लागते, आणि तेच सगळ्यात अवघड जातं. समजा, अडीच लाखांना घेतलेला 'डी८५०' सात वर्षं वापरला आणि आता त्याचे नव्वद हजार येतायत. गेले १ लाख ६५ हजार. सात वर्षांत वाटले तर वर्षाला साधारण साडेतेवीस हजार. वर्षाला ४० लग्नं धरली तर एका लग्नामागे सहाशे रुपयांच्या आत. एवढ्यात तसा कॅमेरा एक दिवस भाड्यानेही मिळणं कठीण. म्हणजे 'दीड लाख बुडाले' असं जे वाटतं, ते प्रत्यक्षात त्याच कॅमेऱ्याने कमावलेल्या पैशांतून फिटलेलं भाडं आहे.

आयकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तोही दर वर्षी उरलेल्या रकमेवर. या हिशेबाने अडीच लाखांच्या कॅमेऱ्याची सात वर्षांनी वहीत उरणारी किंमत ८२ हजारांच्या आसपास येते. संगणकाला हाच दर ४० टक्के आहे. कागदावर कॅमेरा यंत्र आहे. नवं मॉडेल जाहीर झालं की बाजार मात्र त्याला संगणकासारखा वागवतो. पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत झपाट्याने उतरते आणि मग उतार मंदावतो. त्यामुळे दोन वर्षांचा कॅमेरा विकण्यात सर्वात जास्त नुकसान असतं आणि दहा वर्षांचा ठेवण्यात जवळपास काहीच नसतं, कारण गमावण्यासारखं फार उरलेलंच नसतं. असा कॅमेरा विकून पंधरा हजार घेण्यापेक्षा दुसरा कॅमेरा म्हणून बॅगेत ठेवलेला बरा. भर मुहूर्तावर पहिला बंद पडला तर तो किती कामाचा आहे, हे त्या क्षणी कळतं.

पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं, वस्तूंचे फोटो अशी कामं दिव्यांच्या स्थिर उजेडात होतात. तिथे पंधरा वर्षांपूर्वीचा फुल-फ्रेम डीएसएलआर आजही नव्या कॅमेऱ्याच्या तोडीचं काम देतो. नवा स्टुडिओ टाकणाऱ्यासाठी आत्ताची पडलेली किंमत ही संधी आहे. नाचगाणी, रात्रीची वरात, व्हिडिओ ही मुख्य कामं असतील तर स्वस्त डीएसएलआर महागात पडू शकतो.

विकायचंच ठरलं तर वेळ बघावी. आषाढीनंतर चातुर्मासात लग्नं थांबतात आणि स्टुडिओवाल्यांचा हात आखडतो. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, त्याच्या आधीच्या महिन्यात नवे-जुने कॅमेरे शोधणारे जास्त असतात. दुकानात एक्स्चेंजला दिला तर थेट ग्राहकाला विकण्यापेक्षा कमी मिळणार हे धरून चालावं. दुकानदाराला तपासणी, काही दिवसांची हमी, अडकलेलं भांडवल आणि नफ्यावरचा जीएसटी हे सगळं त्यातच बसवायचं असतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या बोरा बाजार परिसरासारख्या ठिकाणी विक्री आणि दुरुस्तीची दुकानं शेजारी-शेजारी आहेत. तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारला की खरा आकडा साधारण समजतो. मूळ बिल आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळत असेल तर ताकद विकणाऱ्याच्या बाजूला येते. बिल नसेल तर माल चोरीचा किंवा बिनहमीच्या आयातीचा असल्याचा संशय येतो आणि भावातून पहिली कपात त्याचीच होते.

आता हाच फेरा मिररलेसचा सुरू झालाय. २०१८ चे पहिले फुल-फ्रेम मिररलेस आजच्या हिशेबाने जुने आहेत आणि त्यांच्या किमती डीएसएलआरच्याच वाटेने चालल्या आहेत. फरक एवढाच की त्यांचं वय मोजायचं कसं, हे अजून बाजाराला नीट जमलेलं नाही. २०२१ मध्ये आलेल्या 'निकॉन झेड९'मध्ये यांत्रिक शटरच नाही. सेन्सर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने प्रकाश घेतो आणि सोडतो, झिजायला पडदा नाही. 'शटर किती चाललंय' हा प्रश्न तिथे निरुपयोगी ठरतो. मग सेकंडहँड घेणाऱ्याने बघायचं काय, तर सेन्सरला थरथरीपासून सावरणारी यंत्रणा अजून नीट हलते का, कार्डाच्या खाचा आणि एचडीएमआयचं भोक सैल तर झालेलं नाही ना, तासभर व्हिडिओ काढल्यावर कॅमेरा बंद पडतो का. यातलं काहीच दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत समजत नाही. त्यामुळे कॅमेरा एक दिवस हातात देऊन, एखाद्या कार्यक्रमात वापरून बघू देणारा विक्रेता असेल तर त्याला दोन-तीन हजार जास्त द्यायला हरकत नाही.